शरीफचे बंड आणि इंग्रजांचा झाकलेला हात

१६ जून १९१६ रोजी जेद्दा पडले. जवळजवळ आठवडाभर जमिनीवरून अरब टोळ्या आणि समुद्रातून इंग्रजी जहाजे मारा करत होती. शेवटी विमानांनीही बाँब टाकले आणि तुर्की शिबंदीने शस्त्रे खाली ठेवली. मारा करणाऱ्यांपैकी ‘फॉक्स’ ही इंग्लंडच्या आरमारातली युद्धनौका होती. ‘हार्डिंज’ मात्र आपल्याकडचे जहाज. ते रॉयल इंडियन मरीनचे, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या नौखात्याचे होते. त्या खात्याचा कारभार मुंबईच्या गोदीतून चाले आणि खर्च हिंदी तिजोरीतून होई. १९१५ च्या फेब्रुवारीत सुएझ कालव्यात तुर्की तोफगोळे खाल्लेले हे जहाज आता मक्केच्या बंदरासमोर उभे होते.

यात विशेष काय, युद्धात बंदरांवर गोळे पडायचेच, असे वाटेल. पण जेद्दाची गोष्ट वेगळी होती. तुर्कस्तान युद्धात उतरले तेव्हा, नोव्हेंबर १९१४ च्या पहिल्याच आठवड्यात, हिंदुस्थान सरकारने जाहीरनामा काढून मुसलमान प्रजेला वचन दिले होते. अरबस्तानातली पवित्र स्थळे, इराकमधले दर्गे आणि जेद्दा बंदर यांना इंग्रजी फौजेचा वा आरमाराचा उपद्रव होणार नाही. अट एवढीच, की हिंदी हाजींना कोणी अडथळा करू नये. जेद्दाचे नाव त्यात मुद्दाम घातलेले होते. वचन देणाऱ्या व्हाइसरॉयचे नाव लॉर्ड हार्डिंज आणि दीड वर्षाने त्याच बंदरावर गोळे टाकणाऱ्या जहाजाचेही नाव हार्डिंज, हा योगायोग कोणा विनोदी लेखकाला सुचला असता तर त्याने तो फार सोपा म्हणून सोडून दिला असता.

इंग्रजांचे म्हणणे असे, की बंड शरीफचे, मदत त्याने मागितली, मग वचनभंग कसला? मक्केचा शरीफ हुसेन बिन अली हा प्रेषितांच्या हाशिमी घराण्यातला आणि तुर्की सुलतानाने नेमलेला मक्केचा अमीर. ५ जूनला मदिनेजवळ त्याच्या मुलांनी बंडाचे निशाण उभारले आणि १० जूनला मक्केत बंडाला तोंड फुटले. युक्तिवाद कागदावर ठीक होता. पण इंग्रजांचाच त्यावर फारसा विश्वास नसावा, कारण पुढची दोन वर्षे त्यांनी या बंडातला आपला हात झाकण्यासाठी जी धडपड केली, ती आपली बाजू निर्दोष आहे अशी खात्री असलेल्या माणसाची वाटत नाही. आणि ती धडपड ज्यांच्यासाठी होती ते लोक अरबस्तानात नव्हते. ते लखनौ, दिल्ली, मुंबई, रंगून आणि सुरतेत होते.

सुरतेचे नाव या यादीत का, हे समजायला तीनशे वर्षे मागे जावे लागते. मोगल काळात सुरत म्हणजे मक्केचा दरवाजा. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ साली हजला निघाली ती इथूनच. पोर्तुगीजांचा परवाना मिळेपर्यंत तिला बराच काळ खोळंबून राहावे लागले होते. शाहजहानच्या काळात, १६४४ साली, हाजींसाठी इथे मोठी सराई बांधली गेली. तिला मुगलीसरा म्हणतात. आज तिथे सुरत महानगरपालिकेचे मुख्यालय आहे आणि हाजींच्या मुक्कामाच्या जागेत आता शहराच्या नळ-गटारांच्या फायली फिरतात. मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. त्यातल्या दुसऱ्या स्वारीत मराठ्यांना जी मोठी लूट मिळाली, तिचा बराच भाग काशगरच्या पदच्युत राजाचा, अब्दुल्लाखानाचा होता. हा गृहस्थ नुकताच मक्केहून परतून सुरतेच्या एका सराईत उतरला होता. हज आणि सुरत ही जोडी शिवकाळाच्या इतिहासात अशी मध्येच डोकावते.

इंग्रजांना तर हजच्या वाटेवर आपला हात दिसला की काय होते याचा धडा सुरतेतच मिळाला होता. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटले. हाजींना घेऊन ते सुरतेला परतत होते. बातमी पोहोचताच शहर खवळले. एव्हरीशी आपला काही संबंध नाही, असे कंपनीचे वखारवाले घसा फोडून सांगत होते. पण त्यांना वखारीतच कोंडून पायांत बेड्या घालण्यात आल्या. चाच्यावर गुन्हा दाखल झाला, पण भरपाई कंपनीला करावी लागली आणि हाजींच्या जहाजांबरोबर संरक्षक गलबते पाठवण्याची हमीही द्यावी लागली. चाचा इंग्रज होता, एवढे सुरतेला पुरेसे होते. कंपनी वेगळी, चाचा वेगळा, हा बारकावा लोकांनी मानला नाही.

पुढे तापीचे मुख गाळाने भरले, आगबोटी आल्या, आणि हाजींचा ओघ मुंबईकडे वळला. पण सुरतेच्या मुसलमानांचा समुद्राशी संबंध सुटला नाही, फक्त त्याची दिशा वाढली. तापीच्या पलीकडच्या काठावरचे रांदेर आणि आसपासच्या गावांतले सुन्नी वहोरा व्यापारी रंगून, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जाऊन बसले. रंगूनमधल्या मोठ्या बाजाराला सुरती बाजार असेच नाव पडले. पैसा तिकडे मिळे आणि त्यातला काही भाग मशिदी-मदरशांसाठी मायदेशी येई. हाच पैसा तुर्की जखमींच्या फंडाला आणि हेजाझ रेल्वेलाही गेला.

हेजाझ रेल्वेची हकीकत इथे सांगायलाच हवी. सुलतान अब्दुल हमीद याने १९०० साली घोषणा केली, की दमास्कसपासून मदिनेपर्यंत रेल्वे बांधायची, ती फक्त मुसलमानांच्या पैशातून. परदेशी कर्ज घ्यायचे नाही. हिंदुस्थानात या कामासाठी अमृतसरचे संपादक मुहम्मद इन्शाउल्ला आणि हैदराबादचे मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी वर्गणीची मोहीम चालवली. सुमारे तेराशे किलोमीटरचा लोहमार्ग १९०८ मध्ये मदिनेला पोहोचला. देणगीदारांना सुलतानाकडून पदके मिळत. हिंदुस्थानातल्या कित्येक घरांत हे पदक कुराणाबरोबर जपून ठेवले जाई. १९१७ मध्ये इंग्रज अधिकारी लॉरेन्स आणि त्याच्या अरब साथीदारांनी सुरुंग लावून जो रूळमार्ग उडवला तो हाच. इंग्रजी पुस्तकांत आणि चित्रपटांत हा पराक्रम रंगवून सांगतात. ज्याच्या आजोबांनी त्या रुळांसाठी दोन रुपये दिले होते, त्याला तो पराक्रम कसा दिसला असेल हे त्या चित्रपटांत नसते.

तेव्हा हिंदी मुसलमानांचे तुर्की सुलतानाशी नाते काय होते? राजकीय म्हणावे तर ते जुने नव्हते. मोगल बादशहांनी तुर्की सुलतानाला कधी आपला वरिष्ठ मानले नाही. १८५७ नंतर दिल्लीचे तख्त गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक मशिदींत शुक्रवारच्या खुतब्यात तुर्की सुलतानाचे नाव खलिफा म्हणून घेतले जाऊ लागले. एकामागून एक मुसलमानी राज्ये युरोपियनांच्या हाती जात होती. तुर्कस्तान हे शेवटचे मोठे राज्य उरले होते आणि मक्का-मदिना त्याच्या ताब्यात होती. १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटले तेव्हा डॉ. अन्सारींचे वैद्यकीय पथक मुंबईहून तुर्कस्तानला गेले. १९१३ मध्ये लखनौच्या फिरंगीमहलचे मौलाना अब्दुल बारी आणि शौकत अली यांनी अंजुमन-ए-खुद्दाम-ए-काबा स्थापन केली. काब्याचे रक्षण हा तिचा हेतू. भावनेच्या पोटात व्यवहारही होता: शौकत अली मुंबईत राहून हाजींच्या तिकिटांची आणि जहाजांची व्यवस्था बघू लागले.

सगळेच मुसलमान मात्र एका सुरात बोलत नव्हते. सुरतेतच पाहा. दाऊदी बोहरांची देवडी इथे, त्यांचे विद्यापीठही इथले. शिया इस्माइली परंपरेतल्या या समाजाला तुर्की खलिफा धर्मगुरू म्हणून मान्य असण्याचे कारणच नव्हते. आगाखानांनी नोव्हेंबर १९१४ मध्ये पत्रक काढून तुर्कस्तान जर्मनांच्या हातचे बाहुले झाले आहे, हिंदी मुसलमानांनी बादशहाशी एकनिष्ठ राहावे असे बजावले. हैदराबादच्या निजामानेही असेच फर्मान काढले. सुरतेच्या दाराशी सचीन संस्थान होते. त्याचे नवाब जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातले. जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात पेशव्यांशी झालेल्या करारातून १७९१ साली हे संस्थान उभे राहिले, म्हणजे त्याच्या जन्माची नोंद पुण्याच्या दप्तरात आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये व्हाइसरॉयने युद्धावर जायला निघालेल्या संस्थानिकांची जी यादी लंडनला कळवली, तिच्यात बिकानेर, जोधपूर, पतियाळा यांच्या बरोबरीने सचीनचेही नाव आहे.

आणि दुसऱ्या टोकाला कासिम मन्सूर. हा गुजराती मुसलमान सिंगापुरात राहत होता आणि त्याचे कॉफीचे दुकान होते. मलाय स्टेट्स गाइड्स या पलटणीतले काही हिंदी शिपाई तुर्कांविरुद्ध लढायला नाखूश आहेत, तेव्हा तुर्कस्तानने एखादी युद्धनौका सिंगापूरला पाठवावी, अशा अर्थाचे पत्र त्याने १९१४ च्या अखेरीस रंगूनला आपल्या मुलाकडे धाडले. तिथल्या तुर्की वकिलापर्यंत, म्हणजे अहमद मुल्ला दाऊद या गुजराती व्यापाऱ्यापर्यंत, ते पोहोचायचे होते. पण ते सेन्सॉरच्या हाती लागले. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फंट्रीचे बंड झाले आणि मे अखेर कासिम मन्सूरला फाशी दिली गेली. व्यापाराच्या ज्या जाळ्यातून कापड आणि तांदूळ हिंडत, त्यातूनच हे पत्रही निघाले होते. इंग्रज अधिकाऱ्यांना धास्ती वाटायची ती याचीच. मौलवींचे भाषण ऐकू येते, त्यावर बंदी घालता येते. पेढीच्या टपालात काय चालले आहे हे कसे कळणार?

अशा काळात कैरोतल्या इंग्रजांच्या डोक्यात शरीफला फोडायची कल्पना आली. इंग्लंडचा युद्धमंत्री किचनेर याने ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस शरीफला निरोप धाडला, त्यात खऱ्या अरब वंशाचा पुरुष मक्का-मदिनेत खलिफा होऊ शकेल असे सूचित केले होते. पुढे जुलै १९१५ ते मार्च १९१६ या काळात इजिप्तमधले इंग्रज उच्चायुक्त मॅकमहॉन आणि शरीफ यांच्यात दहा पत्रे झाली. हिशेब सरळ होता. तुर्की सुलतानाने जिहाद पुकारला आहे. प्रेषितांच्या वंशातला, मक्केचा अमीरच त्याच्या विरुद्ध गेला, तर जिहादाची हवा निघून जाईल. खलिफा प्रेषितांच्या कुरैश कुळातलाच असावा, या जुन्या धर्मशास्त्रीय अटीचा आधारही हाताशी होता.

हा हिशेब करणाऱ्यांनी हिंदुस्थान सरकारला विश्वासात घेतले नव्हते. दिल्ली-सिमल्याचे अधिकारी आधीपासूनच या उद्योगाच्या विरोधात. त्यांचा अरबस्तानातला माणूस वेगळा होता, नज्दचा इब्न सौद. त्याच्याशी त्यांनी डिसेंबर १९१५ मध्ये तह केला होता. बंड झाल्याचे कळले तेव्हा नवे व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पहिली चिंता लागली ती हिंदी मुसलमानांच्या प्रतिक्रियेची.

ती प्रतिक्रिया लवकरच आली. बातमी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रांत झळकली आणि महिना संपायच्या आत लखनौत मुस्लिम लीगच्या कौन्सिलने शरीफ आणि त्याच्या साथीदारांचा निषेध करणारा ठराव केला. पवित्र स्थळांची सुरक्षितता यांनी धोक्यात आणली, हा त्याचा गाभा. लक्षात घेण्याजोगे हे, की ही लीग काही जहालांची नव्हती. त्याच डिसेंबरात लखनौलाच टिळक आणि जिना यांच्या पुढाकाराने काँग्रेसशी करार करणारी, सरकारशी अर्ज-विनंत्यांच्या भाषेत बोलणारी ही संस्था. खरे जहाल तर आधीच कोंडलेले होते. शौकत अलींचे भाऊ मुहम्मद अली यांचे ‘कॉम्रेड’ हे पत्र १९१४ मध्येच बंद पडले. दोघे अली बंधू मे १९१५ पासून स्थानबद्ध होते आणि नागपूरच्या उत्तरेला छिंदवाड्यात दिवस काढत होते. मौलाना आझादांना बंगालमधून हद्दपार करून रांचीत ठेवले होते. एवढी तोंडे बंद करूनही ठराव झाला.

शरीफनेही आपली बाजू मांडली. त्याच्या जाहीरनाम्यात सुलतानाविरुद्ध चकार शब्द नव्हता. सगळा रोख सत्तेवर असलेल्या ‘एकता व प्रगती’ पक्षाच्या तरुण तुर्कांवर होता. ते धर्मबुडवे आहेत, त्यांच्या राजधानीत प्रेषितांची निंदा छापली जाते, तुर्की सेनापती जमाल पाशाने दमास्कस आणि बैरूतमध्ये अरब पुढाऱ्यांना फासावर लटकवले, मक्केतल्या तुर्की किल्ल्यातून सुटलेल्या गोळ्यांनी काब्याच्या आच्छादनाला आग लागली. यातली फाशीची गोष्ट तर पूर्ण खरी होती. ६ मे १९१६ च्या त्या फाश्या अरब आजही विसरलेले नाहीत. हिंदुस्थानात मात्र या तक्रारींना फारसे कोणी कान दिला नाही, आणि इथे हिंदी मुसलमानांच्या मताचा एक कच्चा दुवा दिसतो. अरबांना तुर्कांपासून काय सोसावे लागते, या प्रश्नात त्यांनी मन घातलेच नाही. त्यांच्या नकाशावर अरबस्तान म्हणजे मक्का, मदिना आणि हजचा रस्ता. त्या रस्त्यावर शरीफची ओळख काही चांगली नव्हती. हजहून परतलेले लोक उंटभाड्यातल्या त्याच्या वाट्याबद्दल आणि बदूंच्या लुटीबद्दल बोलत. ‘स्वातंत्र्यवीर’ म्हणून त्याची कल्पना करणे त्यांना जड जाई.

मग हात झाकण्याचे काम सुरू झाले. शरीफला बंडाच्या सुरुवातीच्या काळात दरमहा सव्वा लाख पौंड दिले जात, सोन्यात. तोफा हव्या होत्या, तर इजिप्तच्या सैन्यातल्या मुसलमान गोलंदाजांच्या तुकड्या पाठवल्या. जेद्दात इंग्रजांचा मुख्य माणूस म्हणून कर्नल सिरिल विल्सन नेमला गेला, पण त्याच्या दारावरची पाटी होती ‘यात्रा अधिकारी’. बंडासाठी येणारा पैसा, बंदुका आणि राजकारण सांभाळायचे, आणि जगाला सांगायचे की हे हाजींची सोय पाहतात. १९१६ च्या ऑक्टोबरात हज होता. शरीफच्या राज्यात यात्रा निर्वेध चालते हे दाखवण्याची इंग्रजांना मोठी निकड होती.

त्याच सुमाराला तुर्क मदिनेतून मक्केकडे सरकतील अशी धास्ती पडली आणि राबिग बंदरात इंग्रज पलटण उतरवावी असा प्रस्ताव आला. लंडनच्या युद्धसमितीत महिनोन्‌महिने खल झाला. हिंदुस्थान सरकारने ठाम विरोध केला, की ख्रिस्ती शिपाई हेजाझच्या, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रांताच्या, भूमीवर दिसता कामा नयेत, हिंदुस्थानात आग लागेल. पलटण गेली नाही. लॉरेन्सच्या चरित्रांत राबिगचे प्रकरण त्याच्या धोरणीपणाची खूण म्हणून येते, कारण त्यानेही पलटणीच्या विरोधात मत दिले होते. पण पारडे झुकवण्यात हिंदी मुसलमानांच्या भीतीचा वाटा मोठा होता. हेजाझमधले युद्ध गनिमी पद्धतीने, उंटांवरून, सोन्याच्या थैल्या वाटत लढले गेले, त्यामागचे एक कारण आपल्याकडच्या मशिदींत होते.

या सगळ्यात सर्वांत नाट्यमय प्रसंग मक्केत घडला. देवबंदच्या दारुल उलूमचे प्रमुख अध्यापक मौलाना महमूद हसन सप्टेंबर १९१५ मध्ये मुंबईहून हजला गेले होते. सरकारी कागदांत ते इंग्रजी राज्य उलथण्याच्या ‘रेशमी रुमाल’ कटाचे सूत्रधार. हेजाझचा तुर्की सुभेदार गालिब पाशा याच्याकडून त्यांनी इंग्रजांविरुद्ध चिथावणीचे पत्रही मिळवले होते. बंड झाले तेव्हा ते हेजाझमध्येच अडकले. १९१६ च्या उत्तरार्धात हिंदुस्थानातून एक खानबहादूर मक्केत आले. शरीफच्या बंडामुळे हिंदी मुसलमान अस्वस्थ आहेत, त्यांची समजूत पटेल असे काही इथल्या उलेमांनी लिहून द्यावे, अशी त्यांची मागणी. त्यातून फतवा तयार झाला: सुलतान अब्दुल हमीदला पदच्युत करणारे तुर्क काफिर ठरतात, त्यांची खिलाफत ग्राह्य नाही, आणि शरीफचे बंड शास्त्रसंमत आहे.

कागद मौलानांपुढे आला. त्यांचे शिष्य आणि सहबंदी हुसेन अहमद मदनी यांनी पुढे हा प्रसंग लिहून ठेवला आहे. मौलानांनी आधी मजकुराला हातच लावला नाही, शीर्षकावर बोट ठेवले. वर लिहिले होते, की हे मत मक्केच्या हरममध्ये, म्हणजे मुख्य मशिदीत, शिकवणाऱ्या उलेमांचे आहे. मी हिंदुस्थानचा माणूस, हरममध्ये शिकवत नाही, मग सही कशी करू? तांत्रिक हरकत, पण सत्तर गाठायला आलेल्या अध्यापकाची, त्यामुळे बिनतोड. मजकूरही त्यांना अमान्य होता, हे लपले नाही. आधी ज्यांनी मान डोलावली होती त्यांपैकीही काही कचरू लागले. फतव्याची शोभा झाली. डिसेंबरात शरीफच्या लोकांनी मौलानांना आणि त्यांच्या चार साथीदारांना पकडून जेद्दाला इंग्रजांच्या हवाली केले. तिथून कैरो, आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये माल्टाची छावणी. हकीम नुसरत हुसेन तिथेच वारले. हिंदी मुसलमानांची समजूत घालण्यासाठी सुरू केलेल्या उद्योगातून त्यांना एक वंदनीय कैदी मिळाला. मक्केच्या पवित्र हद्दीतून एका वृद्ध आलिमाला धरून इंग्रजांच्या ताब्यात देणारा माणूस, ही शरीफची ओळख आता कायमची झाली.

देवबंदमध्ये मौलानांच्या जागी शिकवू लागले अन्वरशाह काश्मिरी. पुढे दहा-बारा वर्षांनी तिथल्या वादातून बाहेर पडून ते आले तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातल्या डाभेलच्या मदरशात, आणि त्या लहानशा गावाचे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी सर्वदूर झाले. रांदेर-डाभेलकडच्या व्यापाऱ्यांचा पैसा आणि देवबंदची विद्या यांचा मेळ आधीपासूनचा, तो आणखी घट्ट झाला.

युद्ध जसजसे पुढे सरकले तसतसे हात झाकणे अवघड होत गेले. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले. डिसेंबरात जेरुसलेम. इंग्रज सेनापती ॲलनबीने तिथल्या मशिदीच्या आवाराभोवती मुद्दाम हिंदी मुसलमान अधिकारी आणि शिपायांचा पहारा बसवला आणि तसे लंडनला कळवले. ती तार वाचायची होती हिंदुस्थानने. लॉरेन्सच्या यार्मूक पुलावरच्या १९१७ च्या मोहिमेत जमादार हसन शाहच्या हाताखाली हिंदी मशीनगनवाले होते. त्याच मोहिमेच्या पहिल्या टप्प्यात लॉरेन्सबरोबर उंटावर एक इंग्रज खासदार-कॅप्टन होता, कैरोच्या अरब ब्युरोतला जॉर्ज लॉइड.

हे नाव सुरतेने लक्षात ठेवायला हवे. डिसेंबर १९१८ मध्ये हाच जॉर्ज लॉइड मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. म्हणजे शरीफच्या बंडात प्रत्यक्ष वावरलेला माणूस आता मुंबई, सुरत, रांदेर यांच्यावर राज्य करत होता, आणि नेमक्या त्याच्याच कारकिर्दीत बंडाचे बिल हिंदुस्थानात वसुलीला आले. मुंबईत लाकडाचे बडे व्यापारी मियां मोहम्मद छोटानी यांच्या अध्यक्षतेखाली खिलाफत कमिटी उभी राहिली. तिच्या मागण्यांत ‘जझीरतुल अरब’ हा शब्द वारंवार येई: मक्का, मदिना, जेरुसलेम, इराकचे दर्गे असलेला सगळा अरब प्रदेश मुसलमानेतर सत्तेपासून मुक्त असला पाहिजे आणि खलिफाच्या छत्राखाली राहिला पाहिजे. म्हणजे १९१४ च्या जाहीरनाम्यातले वचन, व्याजासकट. जून १९२० मध्ये माल्टाहून सुटलेले मौलाना महमूद हसन मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला गांधीजी होते. खिलाफत पुढाऱ्यांनी त्यांना ‘शेख-उल-हिंद’ पदवी दिली. त्याच नोव्हेंबरात दिल्लीत त्यांचे निधन झाले.

असहकाराच्या सामुदायिक कायदेभंगासाठी जागा निवडली गेली ती सुरत जिल्ह्यातली बारडोली. चौरीचौऱ्यानंतर, फेब्रुवारी १९२२ मध्ये, तो लढा तिथेच मागे घेतला गेला आणि मार्चमध्ये लॉइडच्या इलाख्यातच, अहमदाबादला, गांधीजींना अटक झाली. त्याच दिवसांत भारतमंत्री माँटेग्यूला राजीनामा द्यावा लागला, कारण पवित्र स्थळांवर सुलतानाचे अधिराज्य मानावे, ही हिंदुस्थान सरकारची तार त्याने परस्पर छापू दिली. मुसलमान जे सभांत मागत होते तेच आता व्हाइसरॉयची तार मागत होती.

शरीफचे काय झाले? मार्च १९२४ मध्ये तुर्कांनीच खिलाफत बरखास्त केली आणि दोन दिवसांत हुसेनने स्वतःला खलिफा म्हणवून घेतले. कुरैश कुळ, मक्केचे राज्य, सगळे जमले होते. हिंदुस्थानातून मात्र त्याला जवळजवळ कोणीच मानले नाही. कुरैश असणे ही अट महत्त्वाची आहे असे म्हणणारे इथे होते. बरेलीच्या अहमद रझा खानांनी १९२० च्या सुमारास तुर्की सुलतान शास्त्रोक्त खलिफा नाही असे लिहिले होते. तरी हुसेनच्या बाजूने तो युक्तिवाद कोणी फारसा चालवला नाही. त्या वर्षीच्या शरद ऋतूत इब्न सौदच्या वहाबी सैन्याने ताइफ घेतले. हुसेनने गादी सोडली, मग मक्काही पडली, आणि मुंबईच्या खिलाफत कमिटीत समाधानाची लहर उमटली.

ते समाधान फार टिकले नाही. मक्का-मदिनेतल्या कबरींवरचे घुमट पाडले गेले तसे ज्यांनी काल शरीफविरुद्ध एका सुरात सभा भरवल्या होत्या ते एकमेकांवर तुटून पडले. अली बंधू सुरुवातीला इब्न सौदच्या बाजूने, तर त्यांचेच गुरू अब्दुल बारी त्याच्या विरोधात. १९२६ च्या मक्का परिषदेला जाऊन आल्यावर अली बंधूंचाही भ्रमनिरास झाला. मुहम्मद अली जानेवारी १९३१ मध्ये लंडनला वारले आणि त्यांना जेरुसलेमच्या हरम शरीफच्या आवारात पुरले. पाच महिन्यांनी, जून १९३१ मध्ये, अम्मानमध्ये वारलेल्या हुसेनलाही त्याच आवारात आणले गेले.

शरीफच्या सोन्याच्या थैल्यांची चर्चा हिंदुस्थानात पंधरा वर्षे चालली. इब्न सौदच्या थैलीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. १९१५ च्या तहानंतर त्यालाही इंग्रजांकडून दरमहा पाच हजार पौंड मिळत होते, आणि ती नेमणूक बंद झाली ती मार्च १९२४ मध्ये, मक्केवर चाल करण्याच्या काही महिने आधी.